एका बॅचचे दोन वॉर्ड

बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात प्रौढ आरोग्य परिचर्या, म्हणजे आम्ही अजूनही सवयीने ज्याला ‘मेड-सर्ज’ (मेडिकल-सर्जिकल) म्हणतो तो विषय, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात येतो, तर मानसिक आरोग्य परिचर्या पाचव्या आणि सहाव्या सत्रात येते. बहुतेक महाविद्यालयांत या दोन विषयांचे शिक्षक वेगळे, रुग्णालये वेगळी आणि लॉगबुकेही वेगळी असतात. ठाण्यातील ज्या महाविद्यालयात मी शिकवते, तेथे एका वर्षी मानसिक आरोग्य विभागातील सहकारी बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मेड-सर्जची शिक्षिका असूनही ती बॅच घेऊन मनोरुग्णालयात जाण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. एकाच मुलामुलींना आधी सामान्य रुग्णालयाच्या वॉर्डात, मग मनोरुग्णालयात आणि त्यानंतर पुन्हा वैद्यकीय विभागात काम करताना पाहण्याची संधी शिक्षकाला सहसा मिळत नाही. ती मिळाल्यावर या दोन विषयांमधली भिंत वेळापत्रकाने घातलेली आहे, रुग्णाच्या ठिकाणी ती नाही, असे माझे मत झाले. ते कसे झाले हे लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वॉर्डात नेण्यापूर्वी कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर सराव करून घेतला जातो. पुतळा कण्हत नाही, सुई टोचताना हात मागे ओढत नाही आणि त्याचे नातेवाईक पलंगाभोवती उभे राहून प्रश्न विचारत नाहीत, त्यामुळे हाताची कौशल्ये झपाट्याने बसतात. छातीतील नळीची बाटली नेहमी छातीच्या पातळीखाली ठेवायची, श्वासाबरोबर त्यातील पाणी वरखाली होते आहे का हे पाहायचे, रक्त चढवताना पिशवीवरील क्रमांक आणि रक्तगट दोघींनी मिळून तपासायचा, पहिली पंधरा मिनिटे रुग्णाजवळून हलायचे नाही आणि पिशवी चार तासांत संपवायची, हे सगळे मुले वॉर्डात गेल्यावर काही आठवड्यांत सराईतपणे करू लागतात. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

अडचण सुरू होते ती रिपोर्ट लिहिताना. सार्वजनिक रुग्णालयाच्या पुरुष शल्य विभागात आमच्या एका विद्यार्थ्याने सकाळच्या रिपोर्टमध्ये लिहिले होते, ‘रुग्ण बडबड करतो, सहकार्य करत नाही, मानसिक रुग्ण वाटतो.’ रुग्ण मुरबाडकडचा, चाळिशीचा, दुचाकीवरून पडून मांडीचे हाड मोडल्यामुळे दाखल झालेला होता. तो दाखल होऊन तिसरा दिवस होता. मी पलंगाजवळ गेले तेव्हा त्याच्या हातांना कंप होता, शर्ट घामाने भिजला होता, पांघरुणावरून काहीतरी वेचून फेकण्याचा त्याचा उद्योग चालू होता आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग येते आहे, असे तो आम्हाला दाखवत होता. मी विद्यार्थ्याला नाडी, ताप आणि रक्तदाब घ्यायला सांगितले. तिन्ही वाढलेले होते. दारूविषयी विचारले होते का, असे मी विचारल्यावर तो म्हणाला, “विचारलं, मॅडम. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, कधीतरी घेतात.”

‘दारू पिता का?’ या प्रश्नाला आपल्याकडे खरे उत्तर क्वचितच मिळते, कारण तो प्रश्न ऐकणाऱ्याला आरोपासारखा वाटतो. मी त्या बाईंना व्हरांड्यात बाजूला घेतले. विद्यार्थी सोबत होता.

“ताई, इथे तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. दादांना औषध बरोबर द्यायचं तर आम्हाला कळायला हवं. रोज किती लागते आणि शेवटची कधी घेतली होती?”

त्यांनी आधी आजूबाजूला पाहिले. “रोज एक क्वार्टर तर असतेच. पगार झाला की दोन. पडले त्या दिवशी सकाळी घेतली होती, त्यानंतर नाही.”

रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली की साधारणपणे पहिल्या सहा ते चोवीस तासांत कंप सुरू होतो, बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, ताप आणि घाम अशी गंभीर अवस्था येते, जिच्यावर वेळीच उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. शल्य विभागात नेमके हेच दिवस शस्त्रक्रियेचे किंवा तिच्या तयारीचे असतात, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष मोडलेल्या हाडाकडे असते. निवासी डॉक्टरांना कळवल्यावर उपचार लगेच बदलले. शिरेतून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन का द्यायचे, हे त्या दिवशी मुलांना पाठ करावे लागले नाही. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व कमी असते, ग्लुकोज वापरताना उरलेसुरले संपते आणि मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो, हे त्यांना समोरच्या माणसाकडे पाहत समजले. रिपोर्टमधील ‘मानसिक रुग्ण वाटतो’ ही ओळ मी खोडायला लावली नाही. तिच्याखाली नाडी, ताप, रक्तदाब, शेवटचे मद्यपान केव्हा झाले आणि भासाचे वर्णन लिहायला लावले.

त्याच वॉर्डाच्या पलीकडे स्त्री विभागात खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी होत्या. दिवसा त्या आमच्या मुलींशी गोड बोलत आणि रात्री सलाईनची नळी उपसून ‘मला घरी जायचंय, गाई दारात उभ्या आहेत’ म्हणत. अशा रुग्णाचे अवधान तपासण्यासाठी वार उलटे म्हणायला सांगावेत, असे मी मुलींना शिकवले होते. रविवार, शनिवार इथवर येऊन आजी थांबल्या आणि पंख्याकडे पाहू लागल्या. मनोविकारातील भास बहुधा कानांना होतात आणि त्या वेळी माणूस जागा व सावध असतो. शारीरिक कारणाने आलेला भ्रम मात्र काही तासांत उद्भवतो, दिवसभरात कमीजास्त होतो आणि त्यात लक्ष टिकत नाही. मग कारणे शोधायची. प्राणवायू, सोडियम, जंतुसंसर्ग, वेदना, बद्धकोष्ठ, तुंबलेला कॅथेटर, नवी औषधे असे एकेक पाहत गेल्यावर आजींचा चष्मा आणि श्रवणयंत्र हरवू नये म्हणून सुनेने पिशवीत ठेवल्याचेही निघाले. मूत्रमार्गाच्या संसर्गावर औषध सुरू झाले आणि चष्मा व यंत्र परत लागल्यावर रात्री बऱ्याच शांत झाल्या. येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. आरडाओरडा करणाऱ्या आजी निदान लक्षात तरी येतात. भ्रमातच गप्प पडून राहणारा रुग्ण ‘झोपून आहे, त्रास नाही’ अशा शेऱ्याखाली दडून जातो, आणि अशांची संख्या कमी नसते.

मानसिक आरोग्याचा विषय तिसऱ्या सत्रातच थोडा तरी सुरू व्हायला हवा, असे मला तेव्हापासून वाटू लागले. अभ्यासक्रम मी ठरवत नाही, त्यामुळे पाचव्या सत्राची वाट पाहिली.

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. महाराष्ट्रात राज्य शासनाची अशी प्रादेशिक मनोरुग्णालये चार आहेत. ठाण्याखेरीज येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे ती आहेत. ठाण्यात लहानाचा मोठा झालेला प्रत्येक जण ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद ऐकत वाढलेला असतो. अलीकडे ठाणे-मुलुंडच्या मधल्या नव्या रेल्वे स्थानकासाठी या रुग्णालयाची जमीन घ्यायचे ठरल्यापासून त्याचे नाव वेगळ्या कारणानेही कानावर पडते. पोस्टिंगचे वेळापत्रक लागताच पालकांचे फोन सुरू झाले. जालन्याच्या एका विद्यार्थिनीच्या आईने विचारले, “मॅडम, रात्री नाही ना ठेवणार पोरीला तिथं?” मी त्यांना सांगितले की दिवसपाळीच आहे आणि मी सोबत आहे. त्यांचे समाधान झाले नसावे, कारण पहिल्या आठवड्यात रोज दुपारी त्यांचा फोन येत असे.

जाण्यापूर्वी महाविद्यालयातच मी एक सराव घेतला. एकीने गणित सोडवायचे: ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे, एका मिलिलिटरचे वीस थेंब होतात, तर मिनिटाला किती थेंब? त्याच वेळी दोघींनी तिच्या दोन्ही कानांशी सतत पुटपुटत राहायचे, ‘तुला येत नाही’, ‘सगळे तुझ्याकडे बघताहेत’, ‘उठ, इथून जा’. वर्गातील सर्वांत हुशार मुलीनेही बेचाळीस हे उत्तर काढायला कितीतरी वेळ घेतला आणि मध्ये एकदा ती खरोखर चिडली. त्यानंतर ‘रुग्ण सूचना पाळत नाही’ असे वाक्य या बॅचच्या नोंदींत फारसे दिसले नाही.

बाकीच्या सूचना रूक्ष होत्या. गळ्यात ओढणी किंवा दोरीचे ओळखपत्र नको, केसांत टोकदार पिना नकोत, मोबाइल बाहेर ठेवावा, बसताना दाराची वाट मोकळी राहील असे बसावे, स्वतःचा पत्ता किंवा नंबर देऊ नये, ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये आणि आपण किती तारखेपर्यंत येणार आहोत हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगावे. यातील शेवटची सूचना मुलांना सर्वांत कमी महत्त्वाची वाटली. प्रत्यक्षात निरोपाच्या आठवड्यात सर्वांत जास्त उपयोग तिचाच झाला, कारण ज्यांना भेटायला वर्षानुवर्षे कोणी आलेले नाही, अशा माणसांशी बोलायला रोज येणारी मुलगी एक दिवस न सांगता यायची बंद झाली तर ते आणखी एक सोडून जाणे ठरते.

पहिल्या दिवसांत माझ्या लक्षात आले की हातात ट्रे नसला की मुलांना काय करावे हेच कळत नाही. थर्मामीटर नाही, इंजेक्शन नाही, ड्रेसिंग नाही. बाकावर बसायचे आणि बोलायचे. हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हाच उपचाराचा भाग मानून त्याचे टप्पे मांडले, हे मुलांनी परीक्षेसाठी पाठ केले होते. तरी बाकावर बसल्यावर ‘जेवलात का?’ आणि ‘औषध घेतलं का?’ यापलीकडे संभाषण सरकेना. प्रोसेस रेकॉर्डिंगच्या वहीत रुग्ण काय म्हणाला, मी काय म्हणाले, मला काय वाटले आणि त्याचे विश्लेषण असे रकाने असतात. सुरुवातीच्या वह्यांत सगळे रुग्ण पुस्तकी मराठीत बोलत आणि सगळ्या विद्यार्थिनी धीर देत. मी त्या परत केल्या आणि जे झाले तेच लिहा, गप्प बसलात तर ‘गप्प बसले’ असे लिहा, असे सांगितले. पुढच्या खेपेला एका वहीत असे आले: रुग्ण म्हणाली, ‘माझा मुलगा पहिलीत आहे.’ केसपेपरवरून मुलगा पंचवीस वर्षांचा आहे. मी गप्प बसले. मला रडू येत होते. मग विचारले, ‘त्याला काय आवडायचं?’ ती म्हणाली, ‘तांदळाची भाकरी.’ त्या मुलीने चूक दुरुस्त करायला न धावता भावना धरली होती, आणि मला शिकवायचे होते ते नेमके हेच होते.

विजेच्या उपचाराचा (ईसीटी, म्हणजे मेंदूला विजेचा नियंत्रित धक्का देण्याचा) दिवस मुलांनी धास्तावूनच पाहिला, कारण चित्रपटांत पाहिलेले तडफडणारे शरीर त्यांच्या डोळ्यांसमोर होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई केली आहे. साखळीने बांधून ठेवण्यासही त्याच कायद्याने बंदी आहे. त्यांनी पाहिले ते असे: रुग्ण उपाशीपोटी आहे ना याची खात्री, कवळी काढणे, लघवीला नेऊन आणणे, संमतिपत्र, मग भूल, काही सेकंद पायाच्या बोटांत जाणवणारी हालचाल, आणि नंतर प्राणवायू, कुशीवर वळवणे, श्वासनलिका मोकळी ठेवणे व शुद्धीवर येताना ‘काका, तुम्ही रुग्णालयात आहात’ असे पुन्हापुन्हा सांगणे. बाहेर आल्यावर एकीने म्हटले, “मॅडम, हे तर आपलं पोस्ट-ऑपच आहे.” म्हणजे शस्त्रक्रियेनंतरची काळजी. मेड-सर्ज शिकून आलेली मुलेच मनोरुग्णालयात उपयोगी पडतात हे मला पटले ते येथे, पण त्याचा पक्का पुरावा थोड्याच दिवसांनी मिळाला.

पुरुष विभागात एक वृद्ध गृहस्थ होते. आपल्या पोटात नाग वेटोळे घालून बसला आहे, ही त्यांची जुनी समजूत होती आणि ती ते रोज सगळ्यांना सांगत. आमच्या विद्यार्थ्याला त्यांनी त्या सकाळीही तेच सांगितले, पण नेहमी बाकावर ऐसपैस बसणारे काका आज एका जागी बसत नव्हते आणि हात बेंबीच्या खाली धरत होते. रोज गेल्या गेल्या ‘थांब, लघवीला जाऊन येतो’ म्हणणारे आज तसे म्हणाले नाहीत, हेही त्याच्या लक्षात आले. त्याने विचारले, काल रात्रीपासून झाली नव्हती. ओटीपोट ताणलेले होते. मनोविकाराच्या औषधांनी येणारा ताठरपणा आणि कंप कमी करण्यासाठी त्यांना ट्रायहेक्सिफेनिडिल चालू होते. या औषधाने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते आणि वयस्क पुरुषांची, विशेषतः पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथी वाढलेली असेल तर, लघवी अडू शकते. परिसेविकांनी तत्काळ डॉक्टरांना बोलावले, कॅथेटर घातला आणि जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. दुसऱ्या दिवशी काकांनी विद्यार्थ्याला हसून सांगितले की नाग अजून आहे, पण आज चावत नाही.

मनोविकार असलेल्या माणसाने शारीरिक तक्रार केली की ती आजाराचाच भाग समजून सोडून देण्याचा मोह सगळीकडे असतो, घरात तर फारच असतो. म्हणून उरलेल्या काळात मी प्रत्येकाकडून मानसिक स्थितीच्या तपासणीबरोबर शरीराची तपासणीही लिहून घेतली. क्लोझापिन हे मनोविकाराचे औषध घेणाऱ्याचा घसा दुखून ताप आला तर रक्तातील पांढऱ्या पेशी मोजल्याच पाहिजेत, मनःस्थितीच्या चढउतारांसाठी लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब किंवा ठळक कंप सुरू झाला तर पुढचा डोस देण्याआधी कळवायचे, त्याच्या रक्तातील प्रमाण साधारण ०.६ ते १.२ या मर्यादेत हवे आणि तपासणीचे रक्त शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घ्यायचे. ठाण्याच्या मे महिन्यातल्या घामात पाणी आणि मीठ कमी पडले की हे प्रमाण वाढते, हे मी मुद्दाम सांगत असे.

सहावे सत्र संपत आले तेव्हा बॅच पुन्हा सार्वजनिक रुग्णालयाच्या वैद्यकीय अतिदक्षता विभागात आली. शहापूर तालुक्यातून कीटकनाशक प्यायलेला एक तरुण तेथे दाखल होता. त्या विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिन चालू होते. संध्याकाळी तो हवेत हात मारू लागला, कोणाशी तरी बोलू लागला आणि पलंगावरून उतरू लागला. नातेवाईक म्हणाले, विषाने डोके फिरले. दोन वर्षांपूर्वी ‘मानसिक रुग्ण वाटतो’ लिहिणारा तोच विद्यार्थी त्या पलंगावर होता. त्याने बाहुल्या मोठ्या, त्वचा कोरडी व लाल, नाडी जलद, ताप, पोटातील हालचालींचा आवाज नाही असे सलग लिहून डॉक्टरांना कळवले की अॅट्रोपिन जास्त होत असावे. तसेच होते; मात्रा कमी केल्यावर काही तासांत तो तरुण ताळ्यावर आला. त्यानंतरचे दोन-तीन दिवस उशीवरून डोके उचलून दाखवायला सांगणेही विद्यार्थ्याने सोडले नाही, कारण या विषबाधेत बरे वाटू लागल्यानंतर मानेचे आणि श्वासाचे स्नायू दुबळे होऊ शकतात.

पण त्या मुलाशी बोलायचे कोणी? पोलिसांचा जबाब झाला होता, आई पदराने डोळे पुसत होती, आणि ‘त्या विषयावर बोलू नका, पुन्हा मनात येईल’ असे मामा बजावत होते. थेट विचारल्याने आत्महत्येचा विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हे आम्ही वर्गात शिकवतो. ते प्रत्यक्ष विचारणे फार अवघड असते. पडदा ओढून विद्यार्थी खुर्चीवर बसला आणि म्हणाला, “दादा, आता मरावंसं वाटतं का अजून?” बऱ्याच वेळाने उत्तर आले, “दिवसा नाय वाटत.” ही तीन शब्दांची माहिती मनोविकारतज्ज्ञांच्या भेटीआधी केसपेपरवर गेली आणि रात्रपाळीच्या सिस्टरांनी त्याचा पलंग आपल्या टेबलासमोर घेतला. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे असते आणि तिची काळजी व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी असते, हे मुलांनी आईला समजावून सांगितले. तिला पोलीस केसचीच धास्ती अधिक होती. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून दिला आणि घरातील फवारणीची औषधे कुलपात किंवा शेजाऱ्यांकडे ठेवण्याविषयी बोलणे झाले.

रजेवरून परतलेल्या सहकारी आणि मी मिळून पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकासाठी प्राचार्यांकडे एक मागणी केली: मनोरुग्णालयातील पोस्टिंगनंतर प्रत्येक गटाला वैद्यकीय विभागात पूर्ण आठवडा परत पाठवावे. तास कुठून काढायचे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता, कारण प्रत्येक विषयाचे क्लिनिकल तास ठरलेले आहेत आणि ते भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज जात नाही. शेवटी आठवड्याऐवजी महिन्यातील काही शनिवार मिळाले. त्या शनिवारी मुले वैद्यकीय आणि शल्य विभागांत जातात, प्रत्येकी एकच रुग्ण घेतात आणि नेहमीच्या केअर प्लॅनमध्ये तीन जास्तीच्या नोंदी करतात: वार उलटे म्हणता आले का, शेवटचे मद्यपान केव्हा आणि किती, आणि झोप व जगण्याची इच्छा याविषयी रुग्णाने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले. तिसऱ्या नोंदीचा रकाना अजून अनेकदा कोरा येतो. तो कोरा असला की मी वही तपासत नाही. विद्यार्थ्याबरोबर पलंगाजवळ जाते आणि त्यालाच विचारायला लावते.